२.४ किमी ९:५० मध्ये धावतो, तरी मेडिकलला ओव्हरवेट. वजन कसं उतरवू?

तालमीतला_मी:
सीडीएस (सैन्यात अधिकारी व्हायची लेखी परीक्षा) काढली, एसएसबीत (त्यापुढची मुलाखत) रेकमेंड झालो आणि मेडिकल बोर्डानं ओव्हरवेट म्हणून टीआर, म्हणजे तात्पुरता नकार दिला. वय २२, उंची १७०, वजन ७३. सातवीपासून तालमीत आहे, जिल्ह्यापर्यंत खेळलोय, बीमवर १४ पुलअप्स मारतो, पोट अजिबात नाही. माझ्या बॅचमधल्या एकाला दोर चढता येत नव्हता, तो फिट निघाला. त्याच्यावर राग नाही, पण मग तो काटा नेमकं मोजतो काय? अपीलला ४२ दिवस आहेत. कुस्तीच्या वजनाआधी करतो तसं शेवटचे दोन दिवस पाणी बंद करून, स्वेटर घालून पळून उतरवू का?

सह्यवारा:
२० ते ३० वयाला सैन्याच्या उंची-वजनाच्या तक्त्यात बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर चालत नाही. १७० उंचीला ते साधारण साडेसहासष्ट किलो होतं, म्हणजे तुझं साडेसहा किलो जास्त. पैलवान, बॉक्सर, बॉडीबिल्डर यांना सूट आहे, जाहिरातीच्या शेवटी मेडिकलचं परिशिष्ट असतं त्यात बघ, कंबर ९० सेंमीच्या आत, कंबर-नितंब गुणोत्तर ०.९ च्या आत, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. पण कागद नॅशनलचे लागतात, जिल्ह्याच्या सर्टिफिकेटवर भागत नाही. मला हेच पटत नाही, कंबर मोजायची टेप आहेच तर ती सगळ्यांनाच लावा की.

जुना_हवालदार:
बाळा, पाणी बंद करू नकोस. त्या दिवशी लघवी, रक्त, बीपी सगळं बघतात. सुकलेल्या अंगानं गेलास तर वजनात बसशील आणि दुसऱ्याच कशात तरी अडकशील. मी २२ वर्षं इन्फंट्रीत काढली. पाठीवर पिट्टू, हातात रायफल, त्यात स्वतःचं वजन, हे सगळं घेऊन डोंगर उतरताना गुडघ्याला स्नायू काय आणि चरबी काय, दोन्ही किलोच. आमच्या सेक्शनला एक पैलवान होता, मैदानात सगळ्यांच्या पुढं, पण उंचावर गेल्यावर पहिला आठवडा त्याला चढाला दम पुरेना. तक्ता उगाच केलेला नाही. थंडाई, तूप बंद कर, भात निम्म्यावर आण, बैठका कमी आणि सकाळ-संध्याकाळ लांब पळ.

घाटवाट:
काका, गुडघ्याचं मान्य, पण बीएमआयचं सूत्र क्वेटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं १९ व्या शतकात काढलं ते लोकसंख्येची सरासरी बघायला, एकट्यादुकट्याचा दम मोजायला नाही. अमेरिकेच्या आर्मीनं २०२३ मध्ये नियम केला, फिटनेस टेस्टला ६०० पैकी ५४० आणि प्रत्येक प्रकारात निदान ८० मिळवले तर चरबी मोजायची टेप लावायचीच नाही. आपल्याकडं पण आधी पळवा, बीमवर लटकवा आणि मग काट्यावर चढवा. पोरगं चार वर्षं घासतं आणि साडेसहा किलोवर परत येतं, जीव तुटतो हो.

तालमीतला_मी:
काका, पाणी बंद करत नाही. वस्तादांना सांगितलं, त्यांनी माझा खुराक धाकट्या पोराला दिला आणि मला रोज माळावर १० किमी लावलेत. आज सकाळी ७२.४. अजून ३८ दिवस आहेत.