यकृत प्रत्यारोपण: क्लॅम्प निघताच कोसळणारा रक्तदाब

प्रश्न: नमस्कार. मी भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर आहे. यकृत प्रत्यारोपणात पोर्टल व्हेनवरील (आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेवरील) क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, निघताच रक्तदाब कोसळतो, तेव्हा रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरएपिनेफ्रिनची मात्रा वाढवत राहावी, की आणखी काही पाहावे?

उत्तर: सरासरी रक्तदाब पहिल्या 5 मिनिटांत 30 टक्क्यांहून अधिक घसरून किमान 1 मिनिट तसाच राहिला, तर त्यास रिपर्फ्यूजन (रक्तप्रवाह पुन्हा सुरू होण्याचा) सिंड्रोम म्हणतात. नव्या यकृतातून थंड, आम्लयुक्त आणि पोटॅशियमने भरलेले रक्त थेट हृदयाकडे येते; म्हणून खरी तयारी क्लॅम्प निघण्यापूर्वीची असते, म्हणजे रक्तवायू तपासून पोटॅशियम व आयनित (रक्तातील मुक्त) कॅल्शियम सुधारून घेणे आणि शल्यचिकित्सकांनी यकृत आधी धुऊन घेणे. मॉनिटरवरील ईसीजीत टी-लहर टोकदार होऊ लागली (पोटॅशियम वाढल्याची खूण), की अहवालाची वाट न पाहता हृदयाच्या संरक्षणासाठी कॅल्शियम क्लोराइड द्यावे.

दुसरे उत्तर: सहमत. मात्र घाबरून सलाइन ओतत सुटू नये, कारण केंद्रीय शिरेतील दाब वाढला की नवे यकृत सुजते. अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) उपलब्ध असल्यास उजवे हृदय फुगले आहे की रिकामे आहे, हे आधी पाहावे. गुठळीही तिथेच दिसते. रक्तवाहिन्या सैलावल्या असतील, तर त्या आकुंचित करणारे व्हासोप्रेसिन जोडावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या मेथिलीन ब्लू या निळ्या औषधाचे काय?

दुसरे उत्तर: इतर औषधांना दाद मिळत नसेल तेव्हाच. जी-6-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता असल्यास किंवा रुग्ण सेरोटोनिन वाढवणारी नैराश्यावरील औषधे घेत असल्यास ते टाळावे. दिल्यानंतर पल्स ऑक्सिमीटर काही काळ ऑक्सिजनचा खोटा, कमी आकडा दाखवतो, हे शल्यचिकित्सकांना आधीच सांगून ठेवावे.