कीर्तिदालनात पडद्यामागची माणसंही हवीत

खेळातल्या मानाच्या नावांच्या कीर्तिदालनात कुणाला घ्यावं, या चर्चेत 'दालनात फक्त मैदान गाजवलेले खेळाडूच घ्यावेत, बाकीच्यांची भर नको' असं एक मत आलंय, ते अर्धंच पटलं. निकष कडक असावेत, हे मान्य. पण खाशाबा जाधवांचंच घ्या. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथवर जायलाच पैसे नव्हते! त्यांच्या गोळेश्वर गावातल्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. त्या काळी ही रक्कम म्हणजे चेष्टा नव्हे. अशा माणसाचं नाव खाशाबांच्या शेजारी लागलं, तर पदकाचं मोल तसूभरही कमी होत नाही, उलट ते पदक कसं आलं हे नव्या पोरांना कळतं.

आणि हो, निवड करताना आधी वयाने थोरांकडे बघा. खाशाबा 1984 मध्ये गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मुरलीकांत पेटकरांनी 1972 च्या पॅरालिंपिकमध्ये (दिव्यांग खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये) जलतरणात सुवर्ण जिंकलं, पद्मश्री आली थेट 2018 मध्ये. निदान त्यांना ती स्वतःच्या हाताने घेता आली.