शब्दचर्चा: ‘गेम मीट’ला मराठीत काय म्हणावं? आणि आफ्रिकेतलं कुठलं चवीला सरस?

रानजाई

एका दिवाळी अंकासाठी नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खाण्यावर लेख लिहिते आहे. ‘गेम मीट’, म्हणजे रानातल्या जनावरांचं मांस, वगळून त्या भागाबद्दल लिहिणं शक्यच नाही. हॉटेलात, खाटकाकडे, हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानातसुद्धा ते मिळतं. अडलंय ते शब्दांपाशी.

‘शिकारीचं मांस’ लिहावं, तर त्यातलं पुष्कळसं मांस खासगी, कुंपण घातलेल्या रानातून, परवाना काढून, विक्रीसाठीच टिपलेल्या जनावरांचं असतं. हौसेची शिकार निराळी. ‘रानटी मांस’ तर कानालाच खुपतं. दुसरी अडचण ‘गेमी’ या विशेषणाची. ‘उग्र’ लिहिलं की वाचकाला म्हाताऱ्या बोकडाचा दर्प आठवणार. तिसरी म्हणजे स्प्रिंगबॉक, गेम्सबॉक, कुडू, एलंड या सगळ्यांना सरसकट ‘हरीण’ म्हटलं तर चालेल का?

आणि ज्यांनी हे खाल्लंय त्यांनी कृपया हेही सांगावं, की चवीला सरस कुठलं आणि का. लेखात नुसती नावांची यादी मला द्यायची नाही.

मुळाक्षर

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची किल्ली तिथे आहे.

शास्त्रीय काटेकोरपणा हवा असेल तर मराठीत सोय आहे. दरवर्षी गळून पडणारी, फाटे फुटलेली शिंगं असतात ते सारंग कुळ: चितळ, सांबर, बारशिंगा. कायमची, पोकळ, बिनफाट्याची शिंगं असतात ते कुरंग: काळवीट, चिंकारा, चौशिंगा. सहाराच्या दक्षिणेला सारंग कुळातलं एकही जनावर निसर्गतः नाही. आफ्रिकेत त्या कुळाचा एकच प्रतिनिधी, तोही उत्तरेला ॲटलास पर्वताच्या बाजूला. म्हणजे तुम्ही नावं घेतलेली सगळी जनावरं कुरंग. बोलीत मात्र आपण काळवीटालाही हरीणच म्हणतो, त्यामुळे ललित लेखात ‘हरीण’ चुकीचं नाही. एकदाच ‘कुरंग’ म्हणून खुलासा करा आणि पुढे जनावराचं नाव वापरा.

आता ‘गेम मीट’. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत त्याला सर्रास ‘व्हेनिसन’ म्हणतात. ब्रिटनमध्ये व्हेनिसन म्हणजे सारंगाचंच मांस, पण तिकडे स्प्रिंगबॉकपासून कुडूपर्यंत सगळं त्यात येतं. हा शब्द लॅटिनमधल्या ‘शिकार करणे’ या क्रियापदावरून आला. आधी कुठल्याही शिकारीचं मांस, मग आकसत सारंगाचं. आपल्या ‘मृग’ शब्दाचा प्रवास हुबेहूब असाच आहे. संस्कृत धातुपाठात ‘मृग अन्वेषणे’ आहे, म्हणजे शोध घेणं, माग काढणं. ज्याचा माग काढायचा तो मृग, मग ते कुठलंही रानातलं जनावर असो. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग, आणि शिकार म्हणजे मृगया. हरणापुरता अर्थ पुढे आकसला. तेव्हा ‘मृगमांस’ हा शब्द इथे नेमका बसतो. जुना अर्थही जागा आहे आणि नवा, हरणाचा, तोही लागू आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत आणखी एक फार उपयोगी जोडी आहे: जांगल आणि आनूप. जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडोऱ्याचा, उघडा प्रदेश. आनूप म्हणजे पाणथळ. जांगल प्रदेशातल्या मृगांचं मांस पचायला हलकं, पाणथळीतल्या जनावरांचं जड, असं चरकसंहितेचं वर्गीकरण आहे. आजचा आपला ‘जंगल’ हा शब्द त्या ‘जांगल’पासूनच आला आणि अर्थाने दाट झाडीपर्यंत जाऊन पोचला. कालाहारी आणि दक्षिण आफ्रिकेतला कोरडा कारू प्रदेश ही मूळ अर्थाने जांगल भूमी आहे.

विंडहुककर

नमस्कार रानजाई ताई. कामानिमित्त बरीच वर्षं नामिबियात आहे आणि हे मांस घरी नेहमी शिजतं. चवीचं सांगतो, शब्दाचंही त्यातूनच येईल.

माझ्या मते पहिला मान गेम्सबॉकचा. नामिबियाच्या राजचिन्हावर ढालीच्या दोन्ही बाजूंना उभा असतो तोच हा, आणि इथे मेनूवर त्याला बहुधा ‘ओरिक्स’ म्हणतात. मांस बारीक रेशाचं, चव स्वच्छ, रानाचा वास जवळपास नाहीच. कण्यालगतची पट्टी मीठ-मिरी लावून लाकडाच्या निखाऱ्यावर, आतून गुलाबी राहील इतपतच भाजली, की दुसरं काही लागत नाही. त्याच्या पाठोपाठ स्प्रिंगबॉक. लहानखुरं जनावर, तीस-चाळीस किलोंचं, त्यामुळे रेशा आणखी बारीक आणि मांस लुसलुशीत. कारूच्या खुरट्या, सुगंधी झुडपांवर ते चरतं आणि त्या चाऱ्याचा हलका गंध मांसाला येतो असं तिथले लोक सांगतात. मलाही तो जाणवतो.

एलंड हा कुरंगांतला सगळ्यांत थोराड. मोठा नर ९०० किलोंपर्यंत भरतो. बाकीच्यांच्या मानाने त्याच्या अंगावर चरबी बरी असते, म्हणून चव गाईबैलाच्या मांसाच्या सर्वांत जवळ. पहिल्यांदा खाणाऱ्याला मी एलंड सुचवतो. कुडूचं मांस गडद आणि कोरडं, किंचित काळजाच्या चवीकडे झुकणारं. ते वाळवलेलंच जास्त चांगलं. इंपाला सौम्य आणि सगळीकडे मिळणारं. विल्डबीस्ट या कुरंगाच्या रेशा जाड, मंद आचेवर तासन् तास ठेवावं लागतं. झेब्र्याचं मांस चक्क गोडसर लागतं आणि चरबी पिवळी असते. ते मला आवडत नाही, पण आवडीने खाणारे आहेत. रानडुकरांपैकी वॉर्टहॉग मात्र उत्तम. पाळीव डुकरासारखं तेलकट नाही, बरगड्या भाजून सुरेख लागतात. फक्त ते आतपर्यंत पूर्ण शिजलंच पाहिजे, ट्रायकिनेला नावाच्या जंताचा धोका असतो. शहामृगाचं मांस डोळे मिटून खाल्लं तर पक्ष्याचं आहे हे ओळखू येणार नाही, इतकं ते लाल मांसासारखं.

आता ‘गेमी’. माझं कळकळीचं म्हणणं असं, की इथे मराठीत दोन वेगळे शब्द वापरा. रानवट आणि उग्र. रानवट चव ही त्या जनावराची, त्याच्या चाऱ्याची, हिंडण्याफिरण्याची स्वतःची चव. उग्र वास बहुतेक वेळा माणसाच्या हातून येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच विशेषण लावतात आणि दोष जनावराच्या माथी बसतो.

उग्रपणा कशाने येतो? जनावर पिटाळून दमवलं, घाबरवलं, तर स्नायूंमधला साखरेचा साठा आधीच जळून जातो. मग मेल्यानंतर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही. असं मांस काळपट आणि चिकट दिसतं, लवकर नासतं. गोळी पोटात लागली आणि आतडं फुटलं तरी संपलंच. म्हणून इथले व्यावसायिक टिपणारे रात्री प्रकाशझोत टाकून, जनावर स्थिर असताना, डोक्यात किंवा मानेच्या वरच्या भागात गोळी घालतात. त्याला पळायला, घाबरायला वेळच मिळत नाही. नंतर लगेच रक्त काढणं, कोठा साफ करणं, थंड करणं. माजावर आलेला नर मात्र या सगळ्यानंतरही वास मारतो. तो दोष हंगामाचा.

वॉटरबक हे ठळक उदाहरण. त्याच्या मांसाची फार बदनामी आहे. त्याच्या केसांवर तेलकट, तीव्र वासाचा थर असतो. कातडं सोलताना तोच हात, तीच सुरी मांसाला लागली की वास आत उतरतो. जपून सोललेलं वॉटरबक मी खाल्लं आहे, खाण्याजोगं होतं. मुळाक्षरांच्या जोडीत बसवायचं तर हा आनूप, पाण्याजवळ राहणारा.

रानजाई

रानवट आणि उग्र हा भेद मी जसाच्या तसा घेते आहे. वाळवलेल्या मांसाबद्दल विचारते: ‘बिल्टाँग’ला ‘सुकं मटण’ म्हणावं का?

विंडहुककर

नको. सुकं मटण म्हटलं की आपल्याकडे पातेल्यात रस आटवलेलं मटण डोळ्यांसमोर येतं. बिल्टाँग शिजवलेलंच नसतं. डचमधल्या ‘बिल’ म्हणजे मागचा पुठ्ठा आणि ‘टाँग’ म्हणजे जीभ. पुठ्ठ्याच्या मांसाच्या जिभेसारख्या लांब पट्ट्या. त्यांना व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भाजून भरडलेले धने लावायचे आणि वाऱ्यावर टांगायचं. धने हा त्यातला जीव आहे. कुडूचं आणि स्प्रिंगबॉकचं बिल्टाँग मला बीफच्यापेक्षा सरस वाटतं, कारण चरबी कमी असल्यामुळे खवट होत नाही.

बालाघाट

वाळवलेल्या मांसाला मराठीत शब्द नाही असं कुणी समजू नये. आमच्या मराठवाड्यात दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर उन्हात वाळवत. त्याला चान्या म्हणतात. टंचाईच्या दिवसांत त्याच कामी येत. प्रमाण मराठीच्या कोशांनी हा शब्द जवळ केला नाही म्हणून तो कमी मराठी ठरत नाही. बिल्टाँग हे नाव तसंच ठेवा, पण ‘चान्यांसारख्या वाळवलेल्या पट्ट्या’ असं लिहिलंत तर हजारो वाचकांना क्षणात कळेल. फरक एवढाच, की चान्या पुढे शिजवून, तळून किंवा निखाऱ्यावर भाजून खातात. बिल्टाँग तसंच चावतात.

तुमच्या शब्दांबद्दल आणखी एक. मांस शिजून चिवट राहिलं तर त्याला आपल्याकडे ‘वातड’ म्हणतात. इंग्रजीतून लिहिणारे ‘कठीण’ किंवा ‘टणक’ लिहितात. विल्डबीस्टसाठी ‘वातड’च हवं.

दारेसलाम

पूर्व आफ्रिकेचं थोडं सांगते. स्वाहिलीत ‘न्यामा’ म्हणजे मांस आणि ‘म्न्यामा’ म्हणजे प्राणी. एकाच मुळाचे शब्द. झुलूत ‘इन्यामा’, शोनात ‘न्यामा’. मुळाक्षरांच्या ‘मृग’शी हे ताडून पाहण्यासारखं आहे. रानातल्या जनावराच्या मांसाला टांझानियात ‘न्यामापोरी’ म्हणतात. ‘पोरी’ म्हणजे रान. म्हणजे शब्दशः रानमांस. रानभाजी, रानमेवा, रानडुक्कर हे आपल्याकडे आहेतच, मग ‘रानमांस’ का नको? ‘मृगमांस’ मला पोथीतलं वाटतं, शिवाय वॉर्टहॉग आणि शहामृग त्यात वाचकाला दिसणार नाहीत.

कायद्याचा फरकही लेखात यावा. केनियात शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे, त्यामुळे नैरोबीतलं प्रसिद्ध ‘न्यामा चोमा’, म्हणजे भाजलेलं मांस, हे बोकडाचं किंवा गाईबैलाचं असतं, रानातलं नव्हे. टांझानियात उलट, २०२० च्या नियमांनी न्यामापोरीची परवानाधारक दुकानं सुरू करायला वाट दिली. पर्यटक दोन्ही देशांना एकाच मापाने मोजतात आणि चुकीचं लिहितात.

मुळाक्षर

‘रानमांस’ मान्य. माझ्या शब्दापेक्षा तो बोलका आहे. सर्वसाधारण शब्द म्हणून ‘रानमांस’ आणि फक्त कुरंगांचं असेल तिथे ‘मृगमांस’, अशी वाटणी करता येईल.

रानजाई

मग ‘बुशमीट’चं काय? तेही रानमांसच ना?

विंडहुककर

अर्थ तोच, वजन वेगळं. बुशमीट हा शब्द पश्चिम आणि मध्य आफ्रिकेशी जोडला गेला आहे आणि जगाच्या वृत्तपत्रांत तो बेकायदा व्यापार, माकडं, वटवाघळं आणि इबोला यांच्यासोबत छापला जातो. श्रीमंत पाहुण्याच्या ताटातलं ते ‘गेम’ आणि गरिबाच्या हंडीतलं ते ‘बुशमीट’, ही विभागणी मला खटकते. माकडांच्या मांसाचे धोके खरे आहेत, दुर्मिळ जनावरांची हत्याही खरी आहे. पण घानात लोक ज्याला ग्रासकटर म्हणतात तो केन रॅट पाहा. उंदराच्या नावावर जाऊ नका, तो साळिंदराच्या नात्यातला, गवत आणि ऊस खाणारा प्राणी. धुरावर धरलेलं त्याचं मांस टोमॅटो-मिरचीच्या पातळ रश्श्यात शिजवतात. तिथे ते चैनीचं खाणं आहे आणि त्याची पैदासही केली जाते. त्याला बुशमीट म्हणून नाक मुरडणं आणि स्प्रिंगबॉकला गेम म्हणून गौरवणं हे बरोबर नाही. तुम्ही दोन्हीकडे ‘रानमांस’ लिहा. जिथे व्यापार बेकायदा आहे तिथे ‘चोरट्या शिकारीचं’ असं स्पष्ट लिहा.

कायद्याचाच मुद्दा निघाला आहे तर, दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने पुरेसं कुंपण घातलेल्या जमिनीवरचं वन्य जनावर जमीनमालकाच्या मालकीचं ठरतं. नामिबियात १९९६ च्या दुरुस्तीनंतर सामूहिक जमिनींवरच्या गावकऱ्यांना संरक्षित क्षेत्रं स्थापून वन्यजीवांच्या वापराचे हक्क मिळाले, आणि तिथे टिपलेल्या जनावरांचं मांस गावात वाटलं जातं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची चौकट मनात ठेवून वाचणाऱ्याला हे खुलासेवार सांगावं लागेल, नाहीतर लेखातली सगळी माणसं त्याला गुन्हेगार वाटतील.

रानजाई

एक परिच्छेद असा केला आहे, पाहा:

“गेम्सबॉकचं रानमांस बारीक रेशाचं आणि सौम्य. कुडू अधिक रानवट, म्हणून चान्यांसारखं वाळवून त्याचं बिल्टाँग करतात. विल्डबीस्ट घाईने शिजवलं तर वातड राहतं. उग्र वास येत असेल तर जनावर कसं मारलं आणि कसं सोललं याची चौकशी करावी.”

विंडहुककर

उत्तम. शेवटच्या वाक्यात ‘माजावरचा नर नव्हता ना’ हेही जोडा. आणि नावांच्या उच्चाराचं: आफ्रिकान्स बोलणारे ‘गेम्सबॉक’ला घशातून ‘खेम्सबॉक’ म्हणतात. नाव आल्प्समधल्या शॅमॉय नावाच्या रानबोकडाचं आणि चिकटवलं वाळवंटातल्या जनावराला; एलंडचंही तसंच, डचमध्ये एलंड म्हणजे उत्तर युरोपातलं मूस. इंपाला मात्र झुलूतून आलेला अस्सल शब्द. लेखात ‘गेम्सबॉक’ ठेवा, मेनूवरचं ‘ओरिक्स’ हे नाव एकदा सांगा, म्हणजे तिथे जाणाऱ्याला मागवता येईल.

बालाघाट

‘चान्यांसारखं वाळवून’ ऐवजी ‘चान्या वाळवतात तसं वाळवून’ करा. बोलताना आम्ही तसंच म्हणतो.