दुसऱ्या केमोनंतर सीईए (रक्तातला कॅन्सर मार्कर) वाढला, औषध लागू पडत नाहीये का?

द्राक्षवाला_तासगाव:
आमच्या अण्णांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला, वय 63, मिरजेत केमो चालू आहे. सुरू करायच्या आधी सीईए 18 होता, दोन केमो झाल्यावर परवा केला तर 31. वरनं एसटीत बसल्या बसल्या मोबाईलवर एनएलआर वाचलं, सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट अशा पांढऱ्या पेशी असतात, न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागायचं, 84 भागिले 8, साडेदहा आलं की! 3-5 च्या वर गेलं तर उपचाराचा गुण कमी येतो असं लिहिलंय. अण्णा शेजारून विचारतायत काय आलं रे, मी म्हटलं रक्त बरं आहे. औषध बदलून मागू का?

लॅबवाला_सांगली:
दादा आधी तो भागाकार थांबवा. पांढऱ्या पेशी वाढायचं इंजेक्शन दिलेलं का? त्यानं न्यूट्रोफिल उसळतात, शिवाय उलटी होऊ नये म्हणून केमोआधी डेक्सा देतात त्या स्टिरॉइडनं न्यूट्रोफिल वर आणि लिम्फोसाइट खाली जातात, इन्फेक्शन असलं तरी तेच. अभ्यासात एनएलआर बहुतेक वेळा उपचार सुरू व्हायच्या आधीच्या रक्तावर काढतात, आणि तो पुष्कळ पेशंट मिळून काढलेला अंदाज असतो, एकट्या अण्णांचं त्यात काय दिसणार. सीईए पण पहिल्या 4-6 आठवड्यांत कधीकधी वाढून मग उतरतो, केमोत ऑक्झालीप्लॅटिन हे औषध असेल तर जास्तच. आज फवारलं आणि उद्या सकाळी द्राक्षावरचा डाऊनी रोग गेला का बघायला जाताय होय? आता खरंच वाढत असेल असंही असतं, पण ते पुढच्या रिपोर्टात आणि स्कॅनमध्ये कळेल.

मिरजेची_सून:
दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का हो? तपासणीचं किट बदललं की आकडा बदलतो. सासूबाईंचं अंडाशयाचं होतं, त्यांचा सीए-125 (तोही रक्तातला मार्करच) आम्ही तारीख घालून वहीत लिहायचो, डॉक्टर म्हणायचे एक आकडा नको, पहिल्या 100 दिवसांत उतार कसा पडतोय ते दाखवा. आणि अण्णा बिडी ओढतात का, त्यानंही सीईए थोडा वर राहतो.

द्राक्षवाला_तासगाव:
बिडी सोडली म्हणतात, खरंखोटं बागेतल्या शेडला माहीत. इंजेक्शन रक्त घ्यायच्या आदल्याच दिवशी पोटात दिलेलं, आणि 18 तासगावच्या लॅबचा, 31 मिरजेचा 🤦 डॉक्टरांना फोन केला, म्हणाले आत्ता काही बदलत नाही, चौथ्या केमोनंतर स्कॅन, तोवर सीईए एकाच लॅबला करा. अण्णांना शेवटी सांगितलं 31 आलाय म्हणून. तर म्हणतात, ते असू दे, शुगर किती आली?