केमोच्या आधी डीपीवायडी टेस्ट करून घ्यावी का? पप्पांची कॅपेसिटाबिन सुरू होणार आहे

इचलकरंजीकर७:
पप्पा ६४ वर्षांचे, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, आता कॅपॉक्स सांगितलंय म्हणजे सलाईनमधून ऑक्सालिप्लॅटिन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, १४ दिवस घ्यायच्या मग ७ दिवस सुट्टी. इंग्लंडमधली आतेबहीण म्हणते तिकडे ही जीन टेस्ट केल्याशिवाय गोळी देतच नाहीत. इथले डॉक्टर म्हणाले करायची तर करा, सक्ती नाही. रिपोर्टला आठवडा लागेल म्हणे. थांबावं का? की उगाच खर्च?

गोळ्याऔषधं:
ऑन्को फार्मसीत (कॅन्सरच्या औषधांच्या) आहे म्हणून सांगतो. कॅपेसिटाबिन शरीरात गेल्यावर तिचं फाइव्ह-एफयू होतं, म्हणजे कॅन्सरवर प्रत्यक्ष काम करणारं औषध, आणि त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त डीपीडी नावाचं एन्झाइम मोडून टाकतं. ते एन्झाइम बनवणारा जीन म्हणजे डीपीवायडी. जीनमध्ये गडबड असली तर मोरी तुंबल्यासारखं, नेहमीचाच डोस पण औषध आत साचत राहतं. प्रत्येकात या जीनच्या दोन कॉपी असतात, एक खराब असेल तर साधारण अर्ध्या डोसने सुरुवात करतात आणि झेपलं तर वाढवतात, दोन्ही खराब असतील तर हे औषध बहुतेक टाळतातच. युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्येच आधी टेस्ट करायला सांगितलंय. डॉक्टर आठवडाभर थांबायला हो म्हणत असतील तर माझ्या मते करा.

रानजाई:
करा हो दादा. माझ्या आईला पहिल्याच सायकलमध्ये तोंड इतकं सोललं की पाणीसुद्धा गिळवेना, जुलाब थांबेनात, पांढऱ्या पेशी खाली आल्या आणि आम्हाला वाटलं केमो म्हटलं की हे चालायचंच, शेजारच्या काकूपण तेच म्हणत होत्या. टेस्ट असते हे ॲडमिट केल्यावर कळलं. नंतर कमी डोसवर तिने कोर्स पूर्ण केला, आता बरी आहे.

लेस्टरवाली:
इकडे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, साधं रक्त घेतात, त्यात मुख्यतः चार व्हेरियंट (जीनमधले बदल) बघतात. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही, ते चार व्हेरियंट प्रामुख्याने युरोपियन लोकांच्या अभ्यासातून आलेत. त्यातले काही आपल्या लोकांत फारच कमी सापडतात आणि आपल्यातले काही त्या यादीत नाहीतच. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहायचं नाही. लॅबला विचारा फक्त चारच बघता की पूर्ण जीन.

गोळ्याऔषधं:
+१. रिपोर्ट काहीही येवो, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा जुलाब, तोंड आलं, ताप १०० च्या वर, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही, आधी फोन करायचा, रात्री दोन वाजता का असेना. सकाळपर्यंत बघू हा प्रकार नको. उतारा म्हणून युरिडिन ट्रायॲसिटेट आहे, अमेरिकेत २०१५ ला मंजूर झालं, पण शेवटच्या डोसनंतर ९६ तासांच्या आत सुरू करावं लागतं, वेळेत हाताशी येईल या भरवशावर बसू नका. आणि पप्पा मल्टिव्हिटॅमिन घेतात का? त्यातल्या फॉलिक ॲसिडने या औषधाचा त्रास वाढू शकतो. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर तेही आधीच सांगा.

इचलकरंजीकर७:
आत्ताच बाटली बघितली, फॉलिक ॲसिड आहे 😐 उद्या डॉक्टरांना दाखवतो. सॅम्पल सोमवारी देतोय, डॉक्टर म्हणाले आठवड्याने काही बिघडत नाही. ऑक्सालिप्लॅटिनची पण अशी टेस्ट असते का?

रानजाई:
आम्हाला तरी कुणी सांगितली नाही. त्याचा त्रास वेगळा असतो, थंड लागलं की बोटांना आणि घशाला झिणझिण्या. फ्रिजचं पाणी बंद, आणि फ्रिजमधून काही काढायचं तर तुम्ही काढून द्या, त्यांना हात घालू देऊ नका.