रोजगार मेळावा आणि आपल्यासारखे मुखदुर्बळ: आपापले अनुभव सांगा

रविवारी तालुक्याला रोजगार मेळावा आहे आणि चुलतभावाचं पोट आत्तापासूनच दुखायला लागलंय. पोटाला काही झालेलं नाही, अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटते. आमच्या खानदानातच आहे हे. म्हणून हा धागा. तुम्ही काय केलं ते लिहा. 'आत्मविश्वास ठेवा' वगैरे कृपया नको.

सुरुवात मी करतो. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरला नमो महारोजगार मेळावा झाला, त्याला उमरेडहून पहिल्या गाडीने गेलो. आयटीआय फिटर, हातात सात बायोडाटा. नंबर आला की मागच्याला म्हणायचो, "भाऊ, तुम्ही व्हा समोर." दुपारपर्यंत सातच्या सात बायोडाटा हातातच. पाणी प्यायला गेलो तर कॅनचा नळ गळत होता. कॅन आडवा केला, नळ काढला, आट्यांवर कॅरीबॅगची पट्टी गुंडाळली आणि आवळला. बाजूला गळ्यात ओळखपत्र घातलेला एक जण बघत होता. "फिटर का?" मग दहा मिनिटं आटे, पाईप, टेफ्लॉन टेप. तेवढं मला बोलता येतं. दोन महिन्यांनी बुटीबोरीहून फोन आला, अप्रेंटिस म्हणून. पगार नाही, स्टायपेंड; पण आला.

दर्यापूरहून: मार्च 2023 पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आई कुठंही सोबत येते. मेळाव्यातही आली. टेबलाशी गेल्या गेल्या म्हणाली, "मॅडम, पोरगी बोलत नाही, पण हिसाबात पक्की हाये." मला धरणी दुभंगावी असं झालं. मी घरून एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेला होता, तोच वाचला: "शिफ्ट किती वाजता सुटते? आमची शेवटची गाडी साडेसहाची आहे." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही काढून वेळ बघितली, मग गाव विचारलं, मग टॅली येते का ते. म्हणजे बोलणं त्यांनीच पुढे नेलं.

नागभीडहून: महास्वयमवर (राज्य सरकारचं रोजगाराचं पोर्टल) आधीच नोंदणी करून अर्ज टाकून ठेवला. कोणत्या टेबलावर जायचं ते घरीच ठरलं होतं. दोन टेबलं केली, वडापाव खाल्ला, परत. बाकी हॉलकडे बघितलंसुद्धा नाही.

आर्णीहून: गळते नळ सगळ्यांच्या नशिबी नसतात. तीन मेळावे केले. पहिल्या दोनमध्ये कोणी विचारलं नाही, तिसऱ्यात एकाने लगेच निवड केली. काम काय, तर दारोदार फिरून विमा विकायचा, तोही कमिशनवर. मी! आठ दिवस सायकलने फिरलो, एक पॉलिसी झाली. तीही मामाची.

चुलतभावाला हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "अन् नळ गळतच नसन तं?"