मदत हवी आहे: अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर असूनही मशीन बंद-चालू केल्यावर झेडची पोझिशन चुकते

नमस्कार मंडळी,

दोन अ‍ॅक्सिसचं मशीन आहे, एक्स आणि झेड. दोन्हीकडे १० मिमी लीडचा बॉलस्क्रू (एका फेरीत स्लाइड १० मिमी सरकते), मोटर कपलिंगने थेट जोडलेली, १७ बिटचा अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर, म्हणजे चालू केल्याबरोबर पोझिशन सांगणारा सेन्सर (एका फेरीत १,३१,०७२ काउंट). होमिंग, म्हणजे मशीनचं शून्य ठरवणं, यात एकदाच करायचं असतं म्हणून दोन्ही अ‍ॅक्सिस होम स्विचवर नेऊन शून्य केले. एक्स बंद-चालू केला तरी जिथल्या तिथे. झेड मात्र दगा देतो. काल २३४.६ वर बंद केला, आज स्क्रीनवर ४.६. त्याआधी ८७.२ चा ७.२ झाला होता. अलार्म नाही, काही नाही.

रोज सकाळी होमिंग करायचंच असेल तर साधा इन्क्रिमेंटल (बंद केला की पोझिशन विसरणारा) एन्कोडर काय वाईट होता? आणि एक्सचा होम स्विच काढला तर चालेल का? चिप्स साचून तो सारखा अडकतो.

उत्तर:
तुमच्या आकड्यांतच सगळं आलंय. फरक २३० आणि ८० मिमी, म्हणजे बरोबर २३ आणि ८ फेऱ्या. फेरीच्या आतला कोन एन्कोडरला नीट कळतोय, फेऱ्यांचा हिशोब तेवढा पुसला जातोय. तो हिशोब बऱ्याच सर्वो मोटरींत बॅटरीवर चालणारा काउंटर ठेवतो.

आधी मोटरचा मॉडेल नंबर बघा, एन्कोडर सिंगल-टर्न (फक्त एका फेरीतला कोन सांगणारा) तर नाही ना? मल्टी-टर्न (फेऱ्याही मोजणारा) असेल तर बॅटरी तपासा. पण बॅटरी गेल्यावर ड्राइव्ह (मोटर चालवणारा कंट्रोलर) सहसा अलार्म देतो. तो नाही, म्हणून माझा संशय पॅरामीटरवर: ड्राइव्ह सिंगल-टर्नवर सेट असणार. बदललात की मल्टी-टर्न रीसेट आणि होमिंग पुन्हा. पुढे बॅटरी बदलाल तेव्हा ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय चालू ठेवूनच बदला.

होम स्विच खुशाल काढा, लिमिट स्विचना (टोकाला मशीन थांबवणाऱ्या) हात लावू नका. इथे होमिंग म्हणजे मशीनच्या शून्यावर एन्कोडर जो आकडा दाखवतो तो ऑफसेट म्हणून साठवणं, बस्स. सीआयए ४०२ (ड्राइव्हसाठीचं एक स्टँडर्ड) वाल्या ड्राइव्हमध्ये होमिंगची मेथड ३७, म्हणजे आहे तीच जागा शून्य धरणं, वापरली तर मोटर हलतसुद्धा नाही. फक्त शून्यावर असताना स्लाइडवर आणि बेडवर जुळणारी खूण कोरून ठेवा, म्हणजे शून्य सरकलं तर डोळ्यांना दिसेल. एन्कोडर मोटरच्या मागे बसतो. कपलिंग घसरलं तर त्याला पत्ता लागत नाही.

प्रश्नकर्ता:
मल्टी-टर्नच आहे, बॅटरीही जोडलेली. पॅरामीटर बघतो. ऑफसेट ड्राइव्हमध्ये राहतो की पीएलसीत (मशीनच्या मुख्य कंट्रोलरमध्ये)?

उत्तर:
दोन्ही प्रकार असतात, मॅन्युअल बघा. पीएलसीत असेल तर तो व्हेरिएबल रिटेन करा (वीज गेली तरी टिकेल असा ठेवा), नाहीतर पीएलसी बंद झाला की ऑफसेट गेला.